सत्यभामाबाईंनी अडवून धरलेली माती

शाळेतली मास्तरकी सांभाळून अकोल्याच्या प्रेसच्या मैदानावर मी बावीस वर्षं स्कोअरर होतो. कापूस दाबायचे कारखाने आले तेव्हा तिथल्या गोऱ्या साहेबांनी हे मैदान आखलं, त्याला आता शंभराच्या वर वर्षं झाली. सुरुवातीला तिथं चटईवर खेळत. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर चेंडूचा भरवसा धरता येत नाही. चटई काढून मातीची खेळपट्टी केली ती मैदानाचा माळी पंजाबराव याच्या आज्यानं. पातूरकडच्या एका जुन्या तलावाचा चिकट गाळ आणून त्यानं वीतभर थर दिला, वर हरळी लावली. ती खेळपट्टी दोन दिवस चेंडूला सरळ उसळी देई आणि तिसऱ्या दिवशी फिरकीला साथ करी. बाहेरचे संघ मुद्दाम इथला सामना मागून घेत.

पंजाबराव रोलर फिरवायचा, पण माती आणायची त्याची बायको सत्यभामा. पातूर रस्त्याला त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा होता. मे महिन्यात तलाव आटला की कोणत्या काठाचा गाळ घ्यायचा, किती चाळायचा, त्यात काय मिसळायचं, हे तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं. क्लबात कोणी कधी ते विचारलं नाही.

आठ वर्षांपूर्वी जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना आमच्याकडे होता. शेवटच्या दिवशी पाहुण्यांना बासष्ट धावा हव्या होत्या आणि त्यांचे सात गडी शिल्लक होते. खेळ झालाच नाही तर पहिल्या डावातल्या आघाडीवर चषक आमचा. मी कागद आखायला सकाळी लवकर गेलो होतो. क्लबचे सचिव हरिहरराव वकील खेळपट्टीवर उभे होते. पंजाबराव हातातला पाइप देत नव्हता, खेळपट्टी भिजवणं नियमात बसत नाही म्हणत होता. वकिलांनी पाइप त्याच्या हातातून ओढून घेतला आणि पाणी सोडलं. खेळपट्टीचा चिखल झाला, खेळ रद्द झाला आणि चषक आम्हाला मिळाला.

पाहुण्यांनी तक्रार केली, चौकशी बसली. आठवडाभरात पॅव्हेलियनच्या फलकावर सचिवांच्या सहीचा कागद लागला: माळी पंजाबराव यांनी मद्यधुंद अवस्थेत पाइप चालू ठेवल्यामुळे त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की मी त्या दिवशी उशिरा पोचलो.

तो कागद वाचायला सत्यभामाबाई आल्या. चौथी शिकलेल्या. एकेका अक्षराखाली बोट धरून त्यांनी वाचलं आणि मला विचारलं, "गुरुजी, मद्यधुंद म्हंजे काय?"

मी अर्थ सांगितला. पंजाबरावच्या गळ्यात तुळशीची माळ होती. लग्नातल्या पंगतीतही तो पिणाऱ्यांच्या शेजारी बसत नसे. बाईंनी कागदाला हात लावला नाही. खालची सही तेवढी पुन्हा एकदा वाचली.

नव्या माळ्यानं जवळच्या शेतातली माती टाकली. पहिल्याच उन्हाळ्यात खेळपट्टी तडकली. एक चेंडू घोट्याजवळून सरपटायचा, दुसरा कानाशी यायचा. क्लबानं नागपूरहून जाणकार आणला, कुठकुठली माती आणून पाहिली, काही जमलं नाही. पंजाबरावला हे कळायचं आणि त्याचा जीव तुटायचा. चार वर्षांनी तो अंथरुणाला खिळला, तेव्हा त्यानं बायकोला सांगितलं, "ते इचाराले आले तं सांगून दे. मैदानाचा काय कसूर?"

बाईंनी मान हलवली. तो गेला. तेराव्यानंतर क्लबाचा माणूस माती विचारायला आला, तेव्हा त्या म्हणाल्या, मला ठाऊक नाही, जाणारा सोबत घेऊन गेला. पुढच्या वर्षी आणखी कोणी आलं, त्यालाही तेच उत्तर. त्या काळात त्या फुलांच्या टोपल्या घेऊन मुद्दाम मैदानावरून बाजारात जायच्या. कुंपणाशी थांबून भेगा बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, औंदा बोटभर जास्त फाटली. त्यांच्या आवाजात समाधान होतं, ते मी लपवणार नाही.

मग नांदगाव खंडेश्वरच्या रोहितचा जबडा त्या खेळपट्टीवर फुटला. एकोणीस वर्षांचं पोर, निवड चाचणीसाठी आलेलं. चांगल्या टप्प्यावरचा चेंडू भेगेवर पडून उसळला. जिल्हा संघटनेनं मैदानावरचे सामने बंद केले. मी मळ्यात जाऊन बाईंना सांगितलं. हातातली शेवंती त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आता तो येईन."

हरिहरराव खरंच आले. मला सोबत घेऊन आले, कारण एकटं यायची हिंमत नव्हती. बाजेवर बसून त्यांनी हात जोडले. झालं ते चुकलं, मी तुमच्यासमोर कबूल करतो, पण मैदान जगलं पाहिजे, असं म्हणाले. सुनेनं, करिश्मानं, आणलेलं पाणी तसंच होतं.

"मह्यासमोर काहून कबूल करता, वकीलसाहेब?" बाई म्हणाल्या. "मले तं मालूमच हाय. कागद मह्या घरात लावला होता का?"

त्यांची अट सरळ होती. त्याच फलकावर तेवढाच कागद, तीच सही; आणि वार्षिक सभेत माइकवर वकिलांनी तो स्वतः वाचायचा. वकील म्हणाले, माझं इतक्या वर्षांचं नाव आहे. बाई म्हणाल्या, त्याचंही होतं. मग माझ्याकडे वळल्या. "अन् गुरुजी, तुमी कवा पोचले होते, ते बी सांगजा."

त्या सकाळी मी तिथं होतो, हे पंजाबरावनं त्यांना सांगितलं असणार. तीन महिने वकिलांनी टाळलं. उन्हाळा जवळ आला आणि मैदान बाजारपेठेसाठी मागणारे पुढे सरसावले, तेव्हा त्यांनी कागद फलकावर लावला आणि सभेत वाचला: पाइप मी ओढून घेतला, पंजाबराव शुद्धीवर होते, मी खोटं लिहिलं. वाचताना दोनदा थांबले. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "मागच्यायले ऐकू नाई आलं. पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. त्यांच्यानंतर मी उठलो आणि माझं सांगितलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. वकिलांनी त्याच सभेत सचिवपद सोडलं.

मे महिन्यात बाई तलावावर गेल्या, फक्त करिश्माला घेऊन. गाळ चाळला, थर दिला, पावसाळ्यात हरळी धरली. डिसेंबरात पहिला सामना झाला आणि चेंडू पहिल्यासारखा सरळ उसळला. क्लबानं सत्कार ठरवला, त्या आल्या नाहीत. माळ्याचं काम देऊ केलं, तेही घेतलं नाही.

रोहित पुन्हा खेळला नाही. वर्षभर आधी सांगितलं असतं तर त्याचा जबडा वाचला असता, हे मी एकदाच त्यांच्यापाशी काढलं. "मले समजत नाई का?" एवढंच त्या म्हणाल्या आणि दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.

हरिहरराव आता थकलेत. सकाळी देवपूजेची फुलं घ्यायला बाजारात येतात, बाईंसमोर थांबून वाकून नमस्कार करतात. गेल्या सोमवारीही केला. बाईंनी फुलं तोलून दिली आणि मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं.