भांड्याला भांडं

आमच्या घरात पाणी वरून ओतायचं नाही, हा मायचा कायदा होता. तांब्याची कड पेल्याच्या कडेला टेकवायची, टण्ण असा आवाज झाला पाहिजे, मग ओतायचं. समोर तलाठी असो की दारावर आलेला भिकारी, सगळ्यांना एकच रीत. आमच्या लोकांनी बुद्धाची वाट धरली तेव्हा माय परकरी पोर होती. त्याआधी तिनं गावच्या आडापाशी खाली बसून, ओंजळ पुढं करून, वरून सोडलेलं पाणी प्यालेलं होतं. निम्मं पाणी कोपरावरून मातीत जायचं. "शिवू नगंस, लांब धर हात," असं वरून कुणीतरी खेकसायचं. हे तिनं मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. कायदा मात्र रोज पाळला. लहानपणी मी चुकून वरून धार सोडली की पाठीत धपाटा बसायचा.

लातूर जिल्हा नवा झाला त्या दिवसांतली ही गोष्ट. आधी प्रत्येक कागदासाठी उस्मानाबादला पळावं लागे. आता म्हणे सगळं दारात येणार होतं. दारात आला तो दुष्काळ. रेणापूरकडच्या आमच्या गावात विहिरींचे तळ दिसायला लागले आणि माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. वडील मी शाळेत असतानाच वारले होते. मी परगावी मेडिकल कॉलेजात, होस्टेलवर. एका दुपारी हातोड्याखालून उडालेली कपची तिच्या डाव्या डोळ्यात शिरली आणि डोळा गेला.

मुकादमानं ओलं फडकं दिलं, जीपमध्ये बसवून दवाखान्यात पाठवलं, इथपर्यंत माणुसकी. जखम भरून ती परत कामावर गेली तर म्हणाला, "एका डोळ्याची बाई सोताचीच बोटं फोडून घ्यायची. घरी बस." मग आम्ही सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावला. त्याला उत्तर आलं की बाई धडधाकट आहे, कुठलंही काम करू शकते. काम मागितलं की आंधळी, भरपाई मागितली की डोळस. दावा फेटाळला गेला तर मायला टोळीबरोबर ऊसतोडीला जावं लागणार होतं. एक डोळा, हातात कोयता. मला त्या विचारानं झोप लागत नसे.

त्याच सुमारास आमच्या कॉलेजातले डोळ्यांचे एक सर एक डोळा गमावलेल्या लोकांचा अभ्यास करत होते. दुष्काळी कामांवरून असे बरेच लोक दवाखान्यात येत. सरांचं म्हणणं सरळ होतं. कोर्टात विचारतात, उरलेल्या डोळ्यानं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचता येतो का? येतो. म्हणजे झालं. पण वस्तू किती लांब आहे हे नेमकं कळायला दोन डोळे लागतात, आणि हातोडा किंवा कोयता चालवणाऱ्याला तक्ता वाचून काय करायचंय? हे दाखवायला त्यांनी एक साधी चाचणी काढली होती. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतायचं, पण भांडी एकमेकांना लागू द्यायची नाहीत. दोन डोळ्यांचा माणूस सहज ओततो. एका डोळ्याचा आधी पेल्याची कड चाचपतो, आणि ते करू दिलं नाही तर पाणी बाहेर सांडतो.

सर पुण्याकडचे. पेशंटला सांगायचे, "पात्रांचा परस्परांशी संपर्क होऊ देऊ नका." पेशंट बावचळून बघत राहायचे. म्हणून त्यांनी मला हाताशी घेतलं. मी आमच्याकडच्या बोलीत सांगायचे, "भांड्याला भांडं शिवू द्यायचं न्हाई. वरून वता." एकालाही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. कोणत्याही जातीचा माणूस असो, ते वाक्य ऐकलं की त्याचा हात आपोआप वर उचलला जायचा. सर खूश झाले. चार मुलांसमोर म्हणाले, "हिला लोकांची भाषा येते." मीही फुगले. आपण कुठलं वाक्य उचललंय हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, आणि हे आठवलं की आजही मान खाली जाते.

मायच्या तारखेला साक्ष द्याल का, असं सरांना मी भीतभीत विचारलं. ते लगेच हो म्हणाले, एवढंच नाही तर स्वतःच्या खर्चानं एसटीनं माझ्याबरोबर लातूरला आले. भला माणूस. त्यांच्यावर राग काढता येत नाही, हीच माझी पंचाईत आहे.

कोर्टाच्या खोलीला नव्या चुन्याचा वास होता. कोपऱ्यात झाकण लावलेला माठ, आणि शहरात टँकर येत असल्यामुळं त्यावर शिपायाची कडक नजर. समोरचा वकील मला "तुम्ही, डॉक्टर" म्हणत होता आणि मायला "तू".

"बाई, स्वयंपाक येतो तुला?"

"येतो की."

"सुई ओवतेस?"

"ओवती."

"मग येत काय नाही?"

माय ताठ झाली. "कामाला म्या कुणाला हार जात न्हाई, साहेब. समदं येतंय."

आमच्या वकिलानं कपाळाला हात लावला. मी त्याला काय सांगणार? चार माणसांत 'मला काम होत नाही' असं म्हणणारी बाई आमच्या आळीत अजून जन्मायची आहे. बाळंतीण झाली तरी म्हणत नाही. भरपाई मागायला आलेली माय स्वतःच स्वतःचा दावा बुडवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

मग सर उठले. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, चाचणीचंही. न्यायाधीश म्हणाले, "करून दाखवा." शिपायानं नाखुशीनं तांब्या भरला, पेला ठेवला.

मायनं तांब्या उचलला, कड टेकवली. टण्ण. एक थेंब बाहेर पडला नाही. समोरचा वकील हसला.

"पाहा," सर म्हणाले, "हीच ती लकब. डोळा गेल्यावर माणूस असा स्पर्शानं अंतर शोधायला शिकतो."

मला माहीत होतं की ते खरं नव्हतं. दोन्ही डोळे शाबूत असतानाही माय अशीच ओतत होती, जन्मभर. मी उठून सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर आड सांगावा लागला असता, ओंजळ सांगावी लागली असती, आणि ते त्या खोलीत, पांढरपेशा माणसांपुढं, पांढरा कोट मिरवणाऱ्या मला सांगायची लाज वाटली. लाज त्यांनी बाळगायची, ती मी बाळगली.

सर मायकडं वळले. "आता पात्रांचा स्पर्श होऊ न देता." माय नुसती बघत राहिली. सर मला म्हणाले, "तू सांग. आपलं नेहमीचं वाक्य."

मी उठले. दवाखान्यात इतक्यांदा म्हटलेलं वाक्य, जिभेवर तयारच होतं. "माय, भांड्याला भांडं शिवू देऊ नगंस. वरून वत."

म्हणत असतानाच मला ते ऐकू आलं. पण तोवर ते तोंडातून गेलं होतं.

मायनं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. आडापाशी खाली बसलेली पोर वर बघत असेल तसं. मग तिनं तांब्या वर उचलला. धार पेल्याला चुकवून टेबलावर पडली आणि तिथून खाली फरशीवर. शिपाई "अरे अरे" करत धावला. न्यायाधीशसुद्धा त्या वाया गेलेल्या पाण्याकडंच बघत होते. माय खाली वाकली आणि पदरानं फरशी पुसू लागली. तिला कुणी पुसायला सांगितलं नव्हतं.

दावा मंजूर झाला. मायला कोयता धरावा लागला नाही. सरांचा अभ्यास पुढं छापून आला, त्यात ती कड टेकवण्याची लकब 'इजेनंतर आलेली' म्हणून नोंदली गेली, आणि त्याचा दाखला देऊन बाकीच्या काही खडी फोडणाऱ्यांनाही न्याय मिळाला. त्यांचं भलं झालं, याचा मला आनंदच आहे. पण त्या आनंदानं ही लाज धुऊन निघत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

निकालाच्या दिवशी लातूरच्या स्टँडवर आम्ही रेणापूरच्या गाडीची वाट बघत बसलो होतो.

"माय, जिंकलो आपण," मी म्हणाले.

"हाव," ती म्हणाली. गाडी येऊन लागली, लोक चढायला लागले, तेव्हा गाठोडं उचलता उचलता म्हणाली, "लई शिकलीस बाई. पर तेवढं एकच बोलनं घावलं व्हय तुला?"

मी तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि तिच्यामागं गाडीत चढले.

पूर्वी मी सुट्टीला घरी आले की माय आधी पाणी द्यायची. पेला माझ्या हातात, तांब्या तिच्या, आणि टण्ण. कोर्टातल्या त्या दिवसानंतर मात्र ती तांब्या आणि पेला माझ्यापुढं ठेवून चुलीकडं निघून जायची. बाकी काही बदललं नाही. भाकरी तीच, ठेचा तोच, डोक्यावरून फिरणारा हात तोच. मी आपलं आपण पाणी ओतून घ्यायचे. कडेला कड मुद्दाम जोरात टेकवायचे, चुलीपर्यंत ऐकू जावं म्हणून. तिला ऐकू जायचं. ती भाकरी थापत राहायची.