काकूच्या पोटातला आवाज

दैवशालाकाकू गाभण शेळीच्या कुशीला कान लावून जाहीर करायची, "दोन हायेत. एक लय खोडकर." अंदाज निम्म्या वेळा चुकायचा. मग म्हणायची, "दुसरं लाजायलंय, येईल उद्या."

तिच्या स्वतःच्या कुशीतलं मात्र दोनदा अर्ध्यावरच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला बीपी इतकं चढलं, की तीच जाता जाता राहिली. म्हणून पुन्हा दिवस गेले तेव्हा तिसरा महिना सरायच्या आतच रामकिशनकाकानं तिला पिंगळीहून परभणीला नेलं. सोबतीला बाईमाणूस पाहिजे म्हणून मी.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर इवलंसं बाळ दाखवलं. मग हातातलं यंत्र ओटीपोटाच्या कडेला सरकवून बटण दाबलं. भुस्स्... भुस्स्... भुस्स्...

काकू उठूनच बसायला लागली. "अगं बया! कसं पळायलंय!"

"झोपा, झोपा. हे बाळ नाही. हा डॉप्लर. तुमच्या गर्भपिशवीकडे जाणारं रक्त ऐकू येतंय, तुमचंच. वाट आवळलेली आहे, म्हणून त्याला जोर लावावा लागतोय. पुढे बीपी वाढू शकतं, बाळाची वाढ अडू शकते. रोज झोपताना ही गोळी. चुकवायची नाही."

काकूनं गोळी तेवढी ऐकली.

घरी बानूआजी, म्हणजे काकूची सासू, उंबऱ्यातच उभी. "काय म्हनली डाक्टरीन?"

काकूनं मला पुढं ढकललं. "वैष्णे, कर गं त्यो आवाज."

मी गाल फुगवून भुस्स् भुस्स् केलं. नाकातनं 'झोपा, झोपा'ही केलं. आजीला हसता हसता पानाचा ठसका लागला. "इंजिन हाय का काय पोटात? पूर्णा जंक्शनला धाडायचंय का त्येला?"

तेव्हापासून बाळाचं नाव इंजिन. काकूनं गोळी गिळली की मला हाक यायचीच, "कर गं."

एकदा मी म्हटलं, "काकू, ते तुजं रगत हाय म्हनल्या बाई."

"गप. माजं काय आन् त्येचं काय."

गोळी तिनं एकदाही चुकवली नाही. तरी सातव्यात हातपाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी आली. घाईनं पोट उघडावं लागलं. मुलगा होता. काकाच्या ओंजळीत मावला, आणि दुपार कलायच्या आत गेला. डॉक्टरीणबाई काकूच्या खाटेवर बसल्या. "तुम्ही सगळं केलंत हो. गोळीनं धोका कमी होतो, संपत नाही." या वेळी काकूनं सगळं ऐकलं.

घरी कुणी ते नाव घेईना. पिंगळीच्या स्टेशनात गाडीनं शिट्टी दिली, की आजी उगाचच भांडी आपटायची.

एका दुपारी काकूनं मला शेळ्यांपाशी बोलावलं. "वैष्णे, कर गं."

"कशाला काकू?"

"कर म्हनलं की."

मी केलं. नीट निघेना. काकू पोटावर हात ठेवून डोळे मिटून ऐकत होती.

"त्येचा न्हवता ना त्यो?"

"न्हाई. तुजाच व्हता."

"म्हंजी चालूच आसंल की आजून," ती म्हणाली. "आता कुनासाठी पळायलंय गं?"

गाभण शेळी येऊन तिला कुशीनं रेटायला लागली. काकूनं तिच्यापुढं चारा टाकला. कान लावला नाही.