मकबूल मिस्त्रींचा उघडा ओटा

आमच्या भागातल्या बागेचा नकाशा कागदावर कधी निघालाच नाही. मकबूल मिस्त्रींनी तो चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर काढला. २००७ साल असेल. लातुरात क्लासेस वाढले, गल्लीगल्लीत पोरापोरींच्या खोल्या झाल्या. पण संध्याकाळी चार जणांनी बसावं, गावं, नाटक बसवावं अशी जागा कुठं नव्हती. लिंबाची जुनी झाडं असलेला एक प्लॉट मिळाला आणि कमिटीनं काम मिस्त्रींवर सोपवलं.

त्यांनी एक झाड तोडलं नाही. झाडांमधून वाट काढली, बसायला बुटके ओटे आखले, मधे भजनाला आणि नाटकाला मोठा ओटा. प्रत्येक ओटा कुंपणाच्या भिंतीपासून लई लांब.

"एवढं लांब कशाला हो?" मी विचारलं.

"भिंत पडली तर पोचू नये, अक्का."

मग कमिटीचे अध्यक्ष शेषेराव म्हणाले, मोठ्या ओट्यावर स्लॅब टाकू, पावसाची अडचण नको. मिस्त्रींनी हातातली फक्कीची पाटी खाली ठेवली.

"छत टाकायचं तर मी न्हाई."

"अहो, हे दगडमातीचं माळवद हाय का? लोखंड घालून राहिलो. मिस्त्री असून छताला भिता?" शेषेराव हसले. मिस्त्री चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सेंट्रिंगच्या फळ्या येऊन पडल्या. मी मिस्त्रींच्या घरी गेले. ते अंगणात बाजेवर बसले होते. त्र्याण्णवच्या भूकंपाला चौदा वर्षं झाली, पण घरात ते जेवणापुरतेच जात.

त्यांची बहीण साबेरा औश्याकडच्या एका खेड्यात दिलेली. तिचं माळवद गळायचं. दरसाल पावसाआधी मिस्त्री तिकडं जायचे, वर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकून चोपून यायचे.

"तेरा साल, अक्का. तेरा थर. थेंब गळत नव्हता. ती म्हणायची, भाईजान, तुमच्या हातचं छत पक्कं. भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी काढली तिला. दगड तिच्या अंगावर नव्हताच. माती होती. सगळी मीच टाकलेली."

मनात पांडुरंगाचं नाव घेत बसून राहिले. अजूनही देव्हाऱ्यातली समई हलली की मी अंगणात पळते. त्यांचं तर सगळं अंगच त्या भीतीचं झालं होतं.

कमिटीच्या बैठकीत मी त्यांची गोष्ट काढली नाही. ती माझी नव्हती. एवढंच म्हणाले, आमचं भजनी मंडळ छताखाली गाणार नाही.

"आता तुम्हीबी?" शेषेराव वैतागले.

मंडळातली केवळाबाई पदर सावरत म्हणाली, "शेषेराव, भूकंपाच्या साली तीन महिने शाळेच्या मैदानात ताडपत्रीखाली कोण झोपून राहिलं होतं? घरात भांडं आणायलाबी बायकोलाच पाठवत होतात की."

सगळे हसले. शेषेराव हसले नाहीत. नखांकडं बघत म्हणाले, "फळ्या परत पाठवा."

पहिल्या कार्यक्रमाला लिंबाखाली माणूस मावत नव्हतं. माझ्याकडं भाड्यानं राहणारी, क्लासला आलेली हिमायतनगरची शिवांगी ओट्यावर गात होती. तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यानं खडीचा भरलेला ट्रक गेला आणि जमीन हलकीच थरथरली. मिस्त्री ताडकन उठले.

"भाईर निघा! समदे भाईर निघा!"

गाणं थांबलं. कुणी हललं नाही. शिवांगीला काही कळेना.

"चाचा, आपण तर भाईरच हाव की," ती म्हणाली.

मागं दोन-चार पोरं हसली. मिस्त्रींनी वर पाहिलं. नुसता पाला होता. ते जमिनीला तळहात टेकवून खाली बसले. मी पाणी दिलं.

"गा म्हणावं तिला," ते म्हणाले.

ती गायला लागली. कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी तळहात जमिनीवरून उचलला नाही.