व्हॉल्व्हची लाल मूठ

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजापेठच्या घरी चहात बिस्किट बुडवत होतो. फोन बायकोनं घेतला. "विलासराव गेले..." एवढंच म्हणून ती खाली बसली. बिस्किट कपात गळून पडलं. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ह्याच्या मातीला अख्खं तेल्हारा गाव लोटेल. माझ्या वेळी चार शेजारी आले तरी पुष्कळ. लोटलाच तेल्हारा. मी रडतही होतो आणि गर्दीचा अंदाजही घेत होतो.

विलास माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा नवरा. मी मोठा जावई, म्हणजे मान माझा. पण अकोल्याला सासूबाईंच्या घरी कौतुक त्याचं. मोर्शीकडच्या माझ्या बागेतली संत्री मी पोतं भरून नेली, तर त्या एक फोड तोंडात टाकून म्हणत, "यंदा आंबट निघाले वाटते." आणि विलासनं कपाशीच्या मुलखात वाइनची द्राक्षं लावली, शेतातच दोन खोल्यांची वायनरी काढली, तर गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या ह्याच बाईंनी त्याच्या पहिल्या रिकाम्या बाटलीत मनीप्लांट लावून ती देवघराशेजारी ठेवली. मी पाया पडायला वाकलो, की ती बाटली बरोबर डोळ्यांसमोर.

त्याची पद्धतही सगळी उलटी. काळी कसदार जमीन सोडून त्यानं मुरमाड उताराचा तुकडा निवडला. विहिरीचं पाणी खारट, म्हणून खाली खारं सोसणाऱ्या जंगली वेलीचा खुंट आणि त्यावर वाइनच्या द्राक्षाचं कलम. आम्ही लिंबाच्या खुंटावर संत्र्याचं कलम पिढ्यान्‌पिढ्या बांधत आलो, पण आमचे फोटो काढायला कधी कोणी आलं नाही. घड धरले की हा निम्मे तोडून टाकायचा. "अरे, भरल्या वेलीवर कात्री कावून चालवून राहिला?" मी विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, सगळ्याइले थोडं थोडं देल्यापेक्षा थोड्याइले पुरं द्या." आणि तोडणी जवळ आली, की पाणी जवळजवळ बंद. तहानलेल्या वेलीचा मणी लहान राहतो, पण त्यात गोडी आणि वास दाटतो, असं त्याचं म्हणणं. ते खरं होतं, हाच माझा त्रास.

पाच-सहा वर्षांपूर्वी तोडणीला आठवडा असताना त्याला आणि सुनंदाला मशीनच्या कामासाठी नाशिकला जावं लागलं. बाग तीन दिवस माझ्यावर. "पाखरं हाका भाऊ, बाकी काही नाही. पाण्याले तेवढा हात लावू नका." दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा फोन... "विलासची बाग नीट सांभाळून राहिले न? लय मेहनतीची आहे त्याची." फोन ठेवून मी ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी गेलो. पानं पिवळी, जमीन भेगाळलेली. मला दया आली, असं मी स्वतःला सांगितलं. आम्ही संत्रावाले पाणी बंद करून झाडाला ताण देतो, मग पाणी सोडून तो तोडतो, तेव्हा बहर येतो. हात सवयीनं गेला, असंही सांगितलं. पण इथं बहर धरायचा नव्हता, फळ पिकत आलं होतं, हे मला दिसत होतं. मी लाल मूठ फिरवली आणि दोन तास बांधावर बसून राहिलो.

मणी फुगले, कित्येक तडकले. विलासनं आल्या आल्या एक तोंडात टाकला, पिचकारीसारखा थुंकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वरच्या अंगाले पाऊस झाला असन बा." फेब्रुवारीचं आभाळ कोरडंठाक. तो म्हणाला, "असन." त्या साली वाइन पानचट झाली. त्या दिवशी परतताना एसटीत पिशवी उघडली तर माझा आदल्या दिवसापासून हरवलेला चष्मा तळाशी, कधी नव्हे इतका स्वच्छ.

पुढच्या वर्षी तोडणीआधी विलास राजापेठला हजर. खिशातून रुमालात गुंडाळलेली ती लाल मूठ काढली. "हे तुमच्याजवळ राहू द्या, भाऊ. माह्याजवळ राहिली त माहाच हात पाण्याकडं जाते." तोडणी झाली, की मी मूठ परत न्यायची आणि पहिलं पाणी मीच सोडायचं, असा रिवाज पडला. यंदाही तो येऊन गेला. तीच शेवटची भेट... त्यानंतर दहाव्या दिवशी तो फोन.

तोडणी सुनंदानं आणि लेकीनं उरकली. परवा सुनंदाचा निरोप आला, "भाऊजी, वेलीइले पाणी द्याचं आहे." मूठ काय, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मी तरी गेलो. व्हॉल्व्हपाशी उभा राहून म्हणालो, "सुनंदा, त्या साली पाणी मीच सोडलं होतं."

"माहीत आहे न. तुमचा चष्मा इथंच चिखलात सापडला होता. ह्याईनंच धुऊन पिशवीत ठेवला."

"मग ही मूठ माझ्याकडे कावून देत होता तो?"

"मीबी तेच इचारलं होतं. त म्हणे, भाऊले वाटलं पायजे का बाग त्यायचीबी आहे."

मी मूठ बसवली, फिरवली. नळ्यांतली हवा निघाली, मग थेंब सुरू झाले. एवढं मोठं मन त्याचं निघावं आणि माझं निघू नये, हे मला अजूनही सोसत नाही.

मूठ तिकडेच आहे. कपाटात चष्म्याच्या डबीशेजारच्या मुठीच्या जागेवर बायकोनं इस्त्रीचे रुमाल ठेवले होते, ते मी हलवले. पुढच्या तोडणीआधी सुनंदा ती घेऊन येणार आहे.