आईच्या आवाजाच्या तीन प्रती

आईच्या घशाच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की स्वरयंत्र काढावं लागेल आणि नंतर तिला बोलता येणार नाही. त्या आठवड्यात मी चाकणच्या कंपनीतून रजा घेतली आणि थेरगावच्या आमच्या घरी तिच्यासमोर फोन ठेवून तिला बोलतं केलं. तिचं माहेर, शेजारणीशी झालेलं भांडण, माझ्या जन्माच्या वेळचा दवाखाना, जे आठवेल ते ती बोलत राहिली. ते सगळं मी लॅपटॉपवर उतरवून घेतलं. पुढे फोन बदलला आणि लॅपटॉपवरची ती एकच प्रत उरली.

गेल्या वर्षी एका सकाळी लॅपटॉप सुरूच होईना. डांगे चौकातला दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, डिस्क जातेय. निघेल तेवढं काढतो, खात्री नाही देत." ते दिवस मी कसे काढले, माझं मलाच माहीत. फायली निघाल्या, लॅपटॉपला नवी डिस्कही बसली, पण मी मनाशी ठरवलं, पुन्हा असं नशिबावर सोडायचं नाही.

रविवारी नवऱ्याला समोर बसवलं. तो म्हणाला, "क्लाउडवर टाक आणि मोकळी हो."

"आणि पासवर्ड गेला, खातं बंद पडलं तर?"

"मग एक हार्ड डिस्क घे."

"ती लॅपटॉपशेजारीच ठेवायची? चोरी झाली तर दोन्ही एकदम जातील."

"तू तर घरात ऑडिटच लावलंस!" तो हसला.

मी कंपनीत क्वालिटीलाच आहे. एक गोष्ट बिघडली तर दुसरी चालू राहिली पाहिजे, हेच मी रोज बघते. शेवटी ठरलं ते असं: एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी क्लाउडवर, त्याचा पासवर्ड आम्हा दोघांनाही पाठ, आणि तिसरी प्रत हार्ड डिस्कवर, मोशीला धाकट्या भावाच्या घरी.

डिस्क द्यायला आईला घेऊनच गेलो. नुसती कपाटात ठेवून मला चालणार नव्हतं, ती उघडते का ते बघायचं होतं. भावाच्या कॉम्प्युटरला जोडली आणि हाताला लागेल ती फाइल लावली. लिंबाचं लोणचं कसं घालायचं, ते आई सांगत होती.

भावाची बायको स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आली. त्यांचं लग्न ऑपरेशननंतरचं.

"कोण बोलतंय हे?"

आईने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"अगंबाई," भावजय खाली बसली. "ताई, पहिल्यापासून लावा ना."

दुसऱ्यांदा ऐकताना आईने मध्येच हात वर केला. मला वाटलं, तिला सहन होत नाहीये. मी घाईने बंद केलं. तिने मोबाइल घेऊन टाइप केलं आणि आम्हाला दाखवलं: "मेथ्या सांगायच्या राहिल्या. लिहून घ्या."

तिथेच बसून मी सोबत आणलेल्या लॅपटॉपवर तिची दुरुस्ती टाइप केली, त्या फाइलशेजारी ठेवली आणि मोशीहून निघण्याआधी तिन्ही ठिकाणी पोचल्याची खात्री करून घेतली.