बाटवलेली मोटर

"तू बसला ना तिच्यात? आता तुह्याशिवाय ते मोटर कोण घेईन बे?"

शेठ हसत म्हणाला. आवारात दहा-बारा माणसं होती, तीही हसली. मी मोटरच्या दाराशी उभा होतो. माझे म्हातारे वडील त्याच्यासमोर हात जोडून उभे होते.

चांद्याला या शेठचं जुन्या मोटरींचं आवार होतं. लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्या आणायचा, रंग फासायचा, विकायचा. मी एका लाकडाच्या ठेकेदाराचा ट्रक चालवायचो. आलापल्लीच्या जंगलातून सागवान आणायचो. जात महार. आमच्या रस्त्यावर ज्या भाड्याच्या मोटरी चालत, त्यांत आमच्या माणसाला जागा टपावर, गठ्ठ्यांबरोबर. भाडं मात्र आतल्या सीटचं. माझी बहीण बाळंतपणाला माहेरी आली ती टपावर बसून. सातवा महिना होता. तिला खाली उतरवताना मी ठरवलं, आपण मोटर घ्यायची आणि आपली माणसं आत बसवायची.

त्यासाठी आठ वर्षं पोटाला चिमटा घेतला. मग वडिलांना बरोबर घेऊन शेठच्या आवारात एक जुनी भाड्याची मोटर पाहायला गेलो.

शेठने इतकं गोड बोलून घेतलं की मी हुरळलो. "गोंडपिपरीचा पाटील उद्या येऊन राह्यला. आजच इसार ठेव, नाई तं गेली समज," म्हणाला. मी इसाराचे आगाऊ पैसे मोजून दिले. मग म्हणाला, "बस ना आत. लाजतं काऊन? चालवून पाह्य." तीनदा म्हणाला. मी चपला काढून आत बसलो. हो, चपला काढून. आज सांगतानाही माझीच मला चीड येते.

आवारात एक फेरी मारली. गिअर अगदी गुपचूप पडत होते. इतक्या म्हाताऱ्या मोटरचे गिअर असे पडत नाहीत, ड्रायव्हरला ते कळतं. खाली उतरलो, मोटरखाली शिरलो, गिअरबॉक्सचा बोल्ट सैल केला. तेलाबरोबर लाकडाचा भुसा बाहेर आला. झिजलेले दाते ओरडू नयेत म्हणून भरलेला. अशी मोटर थोडे दिवस गप्प राहते आणि मग भर जंगलात मान टाकते.

मी म्हणालो, "शेठ, हे मोटर मले नाई पाह्यजे. इसार वापस द्या."

तेव्हा त्याने ते वाक्य टाकलं. मग हाका मारून माणसं जवळ बोलावली. "पाह्यलं ना तुमी सगळ्यायनं? महार सीटवर बसला. आता कोण्या घरच्या बाया बसतीन इच्यात? घ्याच लागन तुले."

आता कळलं. एवढा आग्रह करून बसवलं ते यासाठीच. भुसा सापडला तर माझी जात होतीच त्याच्या हाताशी. शिवाशिव पाळणं गुन्हा, असा कायदा तेव्हा झालेला होता. त्या दहा-बारा जणांत एकानेही त्याचं नाव काढलं नाही.

वडील पुढे झाले. पागोटं काढून शेठच्या पायाशी ठेवलं. मला म्हणाले, "घेऊन टाक, बापू. आपल्याच्यानं बाटली ना ते. मोठ्या माणसाची वस्तू हाये."

शेठच्या हसण्यापेक्षा हे मला जास्त लागलं. माझ्या बापाला ते खरंच वाटत होतं.

शेठने पायाने पागोटं बाजूला लोटलं. "या बुढ्याले काऊन आणलं बे? नाटक कराले?"

मी पागोटं उचललं. धूळ झटकली. वडिलांच्या डोक्यावर ठेवलं. मग शेठच्या घरची काळी मोटर समोर उभी होती, तिच्याकडे बोट केलं.

"उन्हाळ्यात तुमचा ड्रायव्हर तापानं पडला. तवा हे मोटर वरोऱ्याहून म्याच आणली. मागं तुमची माय बसली होती. तवा काऊन नाई बाटली?"

शेठने माझ्या थोबाडीत मारली.

"काऊन नाई बाटली?" मी पुन्हा विचारलं.

दुसरी बसली. ओठ फुटला. मी तिसऱ्यांदा विचारलं, आता रस्त्यावरच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मग त्याच्या माणसांनी आम्हा दोघांना धक्के मारत बाहेर काढलं. इसार बुडाला. आठवड्याच्या आत ठेकेदाराने ट्रकची किल्ली काढून घेतली. त्याचं आणि शेठचं उठणं-बसणं एकत्र होतं.

घरी आल्यावर वडील म्हणाले, "शेठलोकायले असं बोलत असतेत काय?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी भाड्याच्या मोटरीत शिरलो आणि आतल्या सीटवर बसलो. मोटरवाल्याने कॉलर धरून उतरवलं. त्याच्या पुढच्या बाजाराला पुन्हा बसलो. मोटरवाल्यांनो, तुमची सीट माझ्याने बाटत असेल तर धुऊन घ्या, नाही तर जाळून टाका. मी विकतही घेणार नाही आणि उठणारही नाही.