मी खत घातलं, बांडगूळ जेवलं

क्रेनसारख्या बूम लिफ्टच्या पाळण्यातून मी झाडाच्या शेंड्याशी पोचलो. खाली छत्री घेऊन उभ्या असलेल्या मिसेस टान ओरडल्या, "डॉक्टर जोशी! सो ग्रीन, हॉर?"

ग्रीन होतंच. फक्त ते झाड नव्हतं.

मी आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांचा डॉक्टर. सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या एका जुन्या कॉन्डो सोसायटीतलं हे पोडोकार्पस माझा पेशंट. पाइनच्या नात्यातलं, पण अस्सल इथलंच. चार महिन्यांपूर्वी ते पिवळं पडलं. सोसायटीच्या कमिटीला ते पाडून तिथे पार्किंग करायचं होतं. चेअरमन मिसेस टान एकट्या अडून बसल्या: "माझ्या डॉक्टरला एक चान्स द्या." डॉक्टरांनी खालूनच मान वर करून पाहिलं आणि खत लिहून दिलं. शेंडा हिरवागार झाला! आज अकराला कमिटी तो बघायला येणार होती. मी आपला मिरवायला वर चढलो होतो.

पोडोकार्पसचं पान लांब, अरुंद. माझ्या नाकासमोरची पानं रुंद, जाड, आणि त्यांत नळीसारखी केशरी फुलं. बांडगूळ! हे दुसऱ्याच्या फांदीत मुळं रोवतं आणि त्याचंच पाणी पितं. त्याची फळं फूलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी खातो. बी इतकं चिकट, की विधी उरकल्यावर बिचाऱ्याला ढुंगण फांदीवर घासावं लागतं. झाली पेरणी! आणि या पाहुण्याला चार महिने पंचपक्वान्नं वाढत होतो मी.

"सार, आता?" लिफ्ट चालवणाऱ्या सेल्वमने विचारलं.

"खाली घे."

मिसेस टानना सगळं सांगून टाकलं. त्यांनी सावकाश छत्री मिटली.

"म्हणजे मी रोज सगळ्यांना कौतुकाने दाखवत होते ते..."

"बांडगूळ."

"आय्या! झाड वाचेल की नाही, तेवढं सांग."

"मुळं खोडात शिरली असतील तर नाही. नुसती फांद्यांत असतील तर वाचेल."

"मग इथे काय उभा आहेस? वर जा लाह!"

एकूण अकरा झुपके निघाले. नुसती पानं छाटून उपयोग नसतो, मुळं आत राहतात. म्हणून प्रत्येक फांदी हातभर मागून कापली. शेवटचा झुपका खोडाच्या अगदी जवळ होता. करवत चालवली, डोळे मिटले, उघडले. कापलेलं लाकूड स्वच्छ! मी खोडाला कडकडून मिठी मारली. सेल्वमने त्याचा फोटो काढला, तो अजून सगळ्यांना दाखवतो.

अकराला कमिटी आली. वर अर्धं टकलं झाड, खाली हिरवा ढीग. मिसेस टाननी शांतपणे छत्रीचं टोक ढिगाकडे केलं. "हा आजार. वर आहे ते झाड. अजून सहा महिने द्या."

मिळाले. सहा महिन्यांनी झाडाला पालवी फुटली, विरळ, पण अरुंद पानांची. मिसेस टाननी निरखून पाहिलं.

"अग्ली लाह. पण केस स्वतःचे आहेत."

तेव्हापासून झाड हिरवं दिसलं की मी आधी शिडी मागवतो. खूश मग होतो.